गावाहून नागपूरला जाऊन मैत्रिणीसोबत संगीत नाटक पाहायचे असेल तर

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातले आणि झाडीपट्टीतले. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, दिवसा दंडार हे लोकनाट्य होते आणि रात्री मांडव पडून पहाटेपर्यंत नाटक चालते. त्यामुळे मंचाच्या बाजूला बसलेला तबलजी आणि पेटीवाला आम्हाला नवा नाही, आणि नाटकात मध्येच गाणे आले म्हणून आमच्याकडे कोणी दचकतही नाही. मात्र किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांची जुनी संगीत नाटके आमच्या मांडवात क्वचितच येतात. एखाद्या संस्थेने ती नव्या संचात उभी केली, तर प्रयोग बहुधा नागपुरात, फार तर अमरावती, अकोला किंवा चंद्रपूरला होतो. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी बचत गटातली मैत्रीण नागपूरला जाऊन ‘संगीत सौभद्र’ पाहून आलो. त्याआधी माझे दोन प्रयत्न फसले होते. ते का फसले आणि तिसऱ्या वेळी काय केल्यामुळे सगळे नीट जुळून आले, हे खेड्यातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी क्रमाने लिहीत आहे.

१. नाटक आहे की नुसत्या गाण्यांचा कार्यक्रम आहे, याची खात्री करा

माझा पहिला प्रयत्न इथेच फसला. फलकावर नटाचे फेट्यातले चित्र होते, खाली तीन-चार जुन्या नाटकांची नावे होती आणि ‘नाट्यसंगीत’ हा शब्द मोठ्या अक्षरांत होता. मी नाटक समजून गेले. पडदा उघडला तेव्हा मंचावर गालिचा, त्यावर चार गायक आणि एका बाजूला निवेदक. गाणी सुरेल झाली, पण नाटक झाले नाही. नाट्यसंगीताची मैफल ही उत्तम गोष्ट आहे, पण ती वेगळी गोष्ट आहे. ‘संगीत नाटक’ म्हणजे पात्रे, वेशभूषा, प्रवेश आणि संवाद यांसह पूर्ण नाटक, ज्यात पदे, म्हणजे नाटकातली गाणी, त्या पात्रांनीच मंचावर गायची असतात.

म्हणून जाहिरातीत ‘दोन अंकी’ किंवा ‘तीन अंकी’ असा उल्लेख, दिग्दर्शकाचे नाव आणि भूमिकांची यादी आहे का, ते पाहा. नसेल तर दिलेल्या क्रमांकावर फोन करून सरळ दोन प्रश्न विचारा. पूर्ण नाटक आहे की निवडक प्रवेश आहेत? आणि साथ प्रत्यक्ष आहे की आधी ध्वनिमुद्रित केलेली? दुसरा प्रश्न विचारायला संकोच करू नका. ध्वनिमुद्रित साथीवर गाणाऱ्या नटाला गाण्यातली एखादी जागा रंगली म्हणून थांबता येत नाही, आणि थांबता येणे हाच या नाटकांचा प्राण आहे.

२. पहिले नाटक कोणते निवडावे

निवडीला वाव असेल तर माझे मत ‘सौभद्र’कडे आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, ‘सौभद्र’. गोष्ट घरातली वाटावी अशी आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर आहे, थोरल्या बलरामदादाने तिचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे, आणि धाकटा भाऊ कृष्ण वरवर गप्प राहून बहिणीच्या बाजूने सूत्रे हलवतो आहे. अर्जुन संन्याशाच्या वेशात बलरामाच्याच घरी पाहुणा होतो आणि त्याच्या सेवेला सुभद्राच नेमली जाते. एवढे माहीत असले की भाषा जुनी असूनही कुठे अडत नाही. शिवाय पदांत साकी आणि दिंडी या जुन्या छंदांच्या चाली भरपूर आहेत. ज्यांचे कान कीर्तनात तयार झाले आहेत, त्यांना त्या ओळखीच्या वाटतात.

देवलांचे ‘शारदा’ (१८९९) म्हाताऱ्याशी लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे नाटक आहे. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ (१९१९) दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या संसाराचे आहे, आणि दारूबंदीसाठी ज्या बायका गावात ठराव घेऊन भांडल्या आहेत, त्यांना ते फार जवळून लागेल. मात्र त्याचा शेवट जड आहे. पहिल्यांदाच येणाऱ्या मैत्रिणीला तिथून सुरुवात करून द्यावी, असे मला वाटत नाही.

गाण्याचा कान पक्का असेल तर ‘कट्यार काळजात घुसली’. हे १९६७ सालचे नाटक आहे आणि विदर्भाचा त्यावर विशेष हक्क आहे. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि खांसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापुरात जन्मलेले. नागपुरातल्या सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला वसंतरावांचेच नाव आहे.

३. प्रयोगाची बातमी कुठून काढावी

गावात ही बातमी आपोआप पोहोचत नाही, ती काढावी लागते. नागपूरच्या दैनिकांत शनिवार-रविवारच्या आसपास नाटकांच्या जाहिराती येतात. तालुक्याच्या वाचनालयात किंवा बसस्थानकासमोरच्या चहाच्या दुकानात तो अंक चाळायला मिळतो. व्यावसायिक प्रयोगांची तिकिटे बुकमायशो आणि तिकिटालय या ॲपवरही दिसतात. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची संगीत नाट्य स्पर्धा असते, तिच्याकडे मात्र लक्ष असू द्या. स्पर्धेतले कलाकार हौशी असतात, पण महिनोन्‌महिने तालीम करून आलेले असतात, आणि तिकीट खेड्यातल्या माणसाला सहज परवडण्यासारखे असते.

शाळेतले संगीत शिक्षक किंवा हार्मोनियम शिकवणारे गुरुजी यांना सांगून ठेवणे सर्वांत उपयोगाचे. आम्हाला ‘सौभद्र’ची तारीख एका भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांकडून कळली.

४. तारीख ठरवताना शेतीचे आणि सोबतीणीचे गणित पाहा

धानकापणी आणि चुरणी (मळणी) चालू असताना तिकीट काढू नका. तुम्ही स्वतः सुटाल, पण मैत्रीण सुटणार नाही. धान घरात आल्यानंतरचे दिवस, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पुढे, सोयीचे असतात.

एकटीने जाण्यापेक्षा सोबत न्यावी, आणि शक्य असेल तर ज्या मैत्रिणीने असे नाटक कधी पाहिलेले नाही तिलाच न्यावे. तिच्या घरी मात्र तुम्ही स्वतः जाऊन सांगा. तिच्या सासूबाईंना कुठे जाणार, कोणाकडे उतरणार, कधी परतणार हे नीट सांगितले, तर पुढचे सगळे सोपे होते. मी त्या घरी चहा घेत कृष्ण आणि बलराम यांची गोष्ट सांगितली. म्हातारी म्हणाली, ‘‘बलरामाचं कृष्णासमोर काई चालत नसते, मालूम आहे मले. जा, पाहून या.’’

५. परतीची सोय आधी, तिकीट नंतर

ही पायरी उलटी केली म्हणून माझा दुसरा प्रयत्न वाया गेला. तिकीट हातात होते, प्रयोग साडेसहाला सुरू व्हायचा होता आणि गावाकडची शेवटची गाडी मी नऊची धरली होती. प्रयोग अर्धा तास उशिरा सुरू झाला. मध्यंतर झाले तेव्हाच पावणेनऊ वाजले होते. मी उत्तरार्ध न पाहता उठले, धावत स्थानकावर गेले, तरीही गाडी निघून गेलेली. ती रात्र मी बाकावर बसून काढली.

पूर्वी ही नाटके रात्रभर चालत. आता ती संपादित करून साधारण तीन तासांत बसवतात, पण त्यात उशिरा सुरू होणे, मध्यंतर आणि ‘वन्स मोअर’ धरलेले नसते. त्यामुळे वर किमान एक तास धरूनच चाला. साकोलीहून नागपूर शंभर किलोमीटरच्या घरात आहे आणि महामार्गावरून गावात शिरायला पुढे आणखी वाहन लागते. त्यामुळे त्याच रात्री परतायचा हट्ट सोडावा, हे माझे स्पष्ट मत आहे. एक तर नागपुरात नातेवाइकाकडे रात्र काढा आणि त्यांना आठ दिवस आधी कळवा. नाही तर गावातून सहा-सात जण मिळून गाडी ठरवा. गाडी ठरवलीत तर चालकाला ‘नाटक संपेपर्यंत थांबायचे’ हे आधी सांगा आणि थांबण्याचे पैसेही आधीच बोलून घ्या. अनेकदा वाद इथेच होतो.

एसटीने जाणार असाल तर मार्च २०२३ पासून महिलांना निम्मेच भाडे लागते, हे लक्षात ठेवून खर्च मांडा. आजी-आजोबांना नेणार असाल तर पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठांना निम्मे भाडे आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास आहे. त्यासाठी ओळखपत्र जवळ हवे.

६. तिकीट आणि जागा

नागपुरातले प्रयोग बहुधा सिव्हिल लाइन्समधले डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतले कविवर्य सुरेश भट सभागृह किंवा लक्ष्मीनगरकडचे सायंटिफिक सभागृह यांपैकी एका ठिकाणी असतात. ही तीन ठिकाणे एकमेकांपासून दूर आहेत. ऑटोवाल्याला नुसते ‘नाटकाचा हॉल’ म्हणू नका, सभागृहाचे पूर्ण नाव आणि भाग दोन्ही सांगा.

अगदी पहिल्या रांगेचा मोह टाळावा. तिथून मान वर करून बसावे लागते आणि बाजूच्या ध्वनिक्षेपकाचा मारा थेट कानावर होतो. पाचव्या ते दहाव्या रांगेतली मधली जागा उत्तम. चौकशी करता आली तर वादक कोणत्या बाजूला बसणार ते विचारा आणि त्यांचे हात दिसतील अशी जागा घ्या. या नाटकांच्या साथीला ऑर्गन असतो. त्याचा भाता पायांनी चालतो, त्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात सुरांवर मोकळे असतात आणि त्याचा नाद आपल्या पेटीपेक्षा भरदार येतो. ते पाय आणि ते हात एकदा डोळ्यांनी पाहिले की कानांना अधिक ऐकू येते.

प्रवेश विनामूल्य असेल तर एक सापळा असतो. ‘विनामूल्य’ म्हणजे ‘प्रवेशिकेशिवाय’ नव्हे. प्रवेशिका बरेचदा आदल्या दिवशी सभागृहावरच वाटल्या जातात आणि पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी राखून ठेवलेल्या असतात. नागपुरात कोणी ओळखीचे असेल तर त्यांना आणून ठेवायला सांगा.

७. सोबत काय ठेवावे

– तिकिटाची कागदी प्रत, किंवा मोबाइलमध्ये जतन केलेले तिकीट. ऐन दारात नेटवर्क गेले तर ॲप उघडत नाही.
– आधार कार्ड. एसटीत ज्येष्ठांच्या सवलतीसाठी आणि लॉजवर उतरायची वेळ आली तर लागते.
– शाल किंवा स्वेटर. सभागृह वातानुकूलित असते, आणि बाहेर आल्यावर नागपूरची थंडी असते.
– ऑटोसाठी सुटे पैसे.
– भाकरी-चटणीचा डबा. तो बाहेरच खायचा. मांडवात शेंगा खात नाटक पाहायची आपली सवय चांगलीच आहे, पण बंद सभागृहात कागदाची चुरचुरही पाच रांगांपर्यंत जाते.
– पदांचे टिपण. त्याविषयी आता सविस्तर लिहिते.

८. जाण्यापूर्वी पदे वाचा

सर्व पायऱ्यांत मी सर्वांत जास्त महत्त्व हिला देते. प्रवास चुकला तर एक रात्र जाते, पण शब्द न कळता नाटक पाहिले तर नाटकच जाते.

नवख्या माणसाची अडचण अशी होते की, पद सुरू झाले की तो कथा बाजूला ठेवतो आणि गाणे संपायची वाट पाहतो. आलाप लांबला की त्याला वाटते, नाटक थांबले. खरे तर नाटक त्या वेळी गाण्यातून पुढे चाललेले असते. पात्राला जे साध्या बोलण्यात सांगता येत नाही, ते त्याला तिथे सांगता येते. हे कळण्यासाठी शब्द आधी ओळखीचे असावे लागतात, कारण गाताना शब्द ताणले जातात, तुटतात, आणि संस्कृत वळणाचा एखादा शब्द हातचा निसटला की पुढची अख्खी ओळ जाते.

‘सौभद्र’च्या मूळ संहितेत शंभराहून अधिक पदे आहेत. आजच्या प्रयोगात त्यांतली निवडकच असतात. सगळी वाचायची गरज नाही. नारदाच्या तोंडचे ‘राधाधर मधुमिलिंद’, सुभद्रेचे ‘वद जाऊ कुणाला शरण’, कृष्णाची ‘नच सुंदरि करु कोपा’ आणि ‘प्रिये पहा’ एवढी चार वाचून गेलात तरी पाया पक्का होतो. तालुक्याच्या वाचनालयात संहिता मिळाली तर उत्तम. आम्ही आठवडाभर, गटाची बैठक आटोपली की, ओसरीवर बसून रोज एक पद वाचत होतो. मी मोठ्याने वाचायचे आणि मैत्रिणीने ते आपल्या बोलीत सांगायचे. ‘कोप’ म्हणजे राग हे ती लगेच बोलली. ‘मधुमिलिंद’वर आम्ही दोघी अडलो, आणि मिलिंद म्हणजे भुंगा हे शाळेतल्या गुरुजींना विचारून घेतले.

ध्वनिमुद्रणे मात्र आधी फार ऐकू नका. एका गायकाने घेतलेली सुरांची जागा कानात पक्की बसली, की नवा नट तसे गात नाही म्हणून मन खट्टू होते. एकदा चाल कळण्यापुरते ऐकावे आणि थांबावे.

९. प्रेक्षागृहात

तिसरी घंटा होण्याआधी जागेवर बसलेले असा. पहिली आणि दुसरी घंटा सूचनेच्या, तिसरी पडदा उघडण्याची. सुरुवातीला नांदी, म्हणजे देवाची स्तुती, होते, आणि ती हुकली तर निम्मे वातावरण हुकते. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही मूळची ‘शाकुंतल’मधली नांदी आजही ऐकायला मिळते. आम्ही गेलो तेव्हा सगळे कलाकार एका ओळीत उभे होते, हात जोडलेले होते, आणि पहिला सूर लागण्याआधी ऑर्गनचा नुसता षड्ज, म्हणजे ‘सा’, काही क्षण भरून राहिला. माझी मैत्रीण खुर्चीतून उठून उभी राहिली. मी तिला खाली ओढले नाही. गावात देवाचे नाव घेताना आपण बसून राहत नाही.

नांदीनंतर सूत्रधार आणि नटी येतात आणि नाटकाचा विषय सांगतात. दोघेही थेट आपल्याशी बोलल्यासारखे बोलतात. हा भाग कथेबाहेरचा आहे हे सोबतीणीला आधीच सांगून ठेवा, नाही तर ती त्यांनाच अर्जुन-सुभद्रा समजते. मैत्रिणीला मी आणखी एक सांगून ठेवले होते: या सुभद्रेची भूमिका सुरुवातीच्या काळात भाऊराव कोल्हटकर करीत आणि पुढे बालगंधर्वांनी केली, म्हणजे स्त्रीची भूमिका पुरुषच करीत.

‘नच सुंदरि’ सुरू झाले तेव्हाची गोष्ट सांगते. रुक्मिणी रुसलेली, पाठ फिरवून बसलेली. कृष्ण झालेल्या नटाने पहिल्यांदा ओळ म्हटली ती लाडीगोडीने, जवळजवळ हसत. तिने मान वळवली नाही. दुसऱ्यांदा तीच ओळ आली तेव्हा त्याने ‘कोपा’वर सूर खाली आणला आणि ती विनवणी झाली. तिसऱ्यांदा तो तिच्याकडे न पाहता गायला, जणू आता आपणच रुसलो आहोत, आणि तेव्हा रुक्मिणीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले. तबल्याची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नेमकी त्या नजरेवर पडली. मैत्रीण माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘‘हे गाऊन नाही राहिले वं, हे त भांडून राहिले!’’ तिला नाटक कळले होते. तुमचेही कान तिथेच ठेवा: ओळ परत येते तेव्हा ती कशी बदलून येते, आणि समोरचे पात्र त्यावर काय करते. गाणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्या पात्राकडे पाहा.

दाद कुठे द्यावी, हा प्रश्न सर्वांना पडतो. तान समेवर आली की टाळी द्यावी. आलाप चालू असताना देऊ नये. पद फारच रंगले तर संपल्यावर ‘वन्स मोअर’ म्हणण्याची रीत जुनी आहे, आणि खेड्यातून आलेल्यांनी ते म्हणायला बिचकू नये. मात्र प्रत्येक पदाला म्हणू नये, कारण नटाचा गळा शेवटच्या अंकापर्यंत टिकायचा असतो. मोबाइल बंद ठेवा, नुसता आवाज बंद करून भागत नाही. अंधारात पदाचे शब्द शोधायला मोबाइलचा पडदा उजळला की मागच्या दहा जणांचे डोळे दिपतात. टिपण मध्यंतरात वाचावे.

१०. प्रयोग संपल्यावर

लगेच दाराकडे धावू नका. बहुतेक प्रयोगांनंतर कलाकार काही वेळ मंचामागे थांबतात आणि भेटू देतात. दोन वाक्ये बोलावी आणि निघावे, कारण त्यांनाही सामान आवरून गाडी गाठायची असते. मैत्रिणीने ऑर्गन वाजवणाऱ्यांना विचारले, ‘‘पाय दुखत नाहीत का जी?’’ त्यांनी तिला पायटे दाबून पाहू दिले. तिने एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि तिच्याच दाबाने एक सूर उमटला तेव्हा ती दचकून मागे सरली.

रात्री मुक्कामाच्या घरी पोहोचल्यावर, झोपण्याआधी, कोणती पदे झाली त्यांची यादी वहीत करून ठेवा. सकाळपर्यंत क्रम विसरायला होतो. सकाळची गाडी गणेशपेठच्या बसस्थानकावरून घेणार असाल तर अर्धा तास आधी जा आणि फलाटाची चौकशी खिडकीवर करा. आम्हाला साकोलीची गाडी साडेसहाला मिळाली. भंडारा येईपर्यंत मैत्रीण झोपली होती. पुढे तिने वही मागून घेतली आणि ‘वद जाऊ कुणाला शरण’ गुणगुणत, अडेल तिथे मला शब्द विचारत बसली. परतल्यानंतरच्या बैठकीला गटातल्या आणखी तिघींनी नावे दिली आहेत, त्यामुळे आता गाडी ठरवायची आहे.